समास

आमच्या पेणच्या घरी ओटीवर लक्ष्मीची तसबीर होती. माडीच्या दारावर, खूप उंच, पुढे कललेली. खाली उभं राहून मान वर केली की लाल साडीतली लक्ष्मी आपल्याकडेच बघतेय असं वाटायचं. मोठी झाल्यावर कळलं की हे राजा रविवर्म्याच्या लक्ष्मीचं छापील चित्र आहे. साडीच्या काठावर पणजीने खऱ्या जरीचे तुकडे आणि टिकल्या चिकटवल्या होत्या. त्या काळी कितीतरी घरांतल्या बायका देवादिकांच्या छापील चित्रांना अशा साड्या नेसवत. पणजीच्या हातचे टाके कुणी जपले नाहीत, पण हे जरीचे तुकडे राहिले.

घर विकलं तेव्हा वाटणीत मी एवढंच मागितलं. पुण्याला आणून चौकट बदलायला दिली, आणि तिथेच घात झाला. चित्र परत आलं ते लखलखीत सोनेरी फ्रेममध्ये, हार्डबोर्डवर डिंकाने सपाट चिकटवून. चारी बाजूंचा पांढरा समास कापलेला. "फाटला होता मॅडम, वाईट दिसत होता," एवढंच उत्तर. मी त्या दुकानाच्या पायरीवर बसून रडले, हे आज वीस वर्षांनी लिहिताना जराही अवघड वाटत नाही.

त्या समासावर काय होतं ते मला नंतर कळलं. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत स्वतःचा छापखाना काढला. प्लेगच्या दिवसांत तो मुंबईतून हलला आणि लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला आणि १९७२ मध्ये आगीत त्याची राखरांगोळी झाली. छापखान्याचं नाव आणि गाव चित्राच्या खाली, बारीक अक्षरांत, समासावरच छापलेलं असायचं. माझी लक्ष्मी मुंबईत छापली की मळवलीला, हे सांगणारी ती ओळ कात्रीखाली गेली. आता ते कधीच कळणार नाही.

तेव्हापासून मी छापील चित्रं जमवते. अस्सल तैलचित्र परवडत नाही म्हणून नव्हे; मला छपाईच आवडते. शिळाछापाची पद्धत नुसती वाचली तरी थक्क व्हायला होतं. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचं, शिळा ओली करायची, मग शाईचा रूळ फिरवायचा. तेलकट जागा शाई धरते, ओली जागा सोडते. हे झालं एका रंगाचं. दुसऱ्या रंगाला दुसरी शिळा, तिसऱ्याला तिसरी, आणि प्रत्येक वेळी तोच कागद त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला तरी ओठांचा लाल रंग गालावर उतरतो. शेवटी वार्निश, म्हणजे तैलचित्राची झाक येते.

विकत घेताना मी पर्समधलं दहापट मोठं करणारं भिंग काढते. देवीचा गाल बघायचा. आजच्या ऑफसेट छपाईत चारच रंगांचे ठिपके ओळीने, फुलाच्या नक्षीसारखे मांडलेले दिसतात. जुन्या शिळाछापात ठिपके हाताने दिलेले असतात: कुठे दाट, कुठे विरळ, एकासारखा दुसरा नाही. गालाच्या सावलीत निळसर ठिपके बघितले की तो शिळेवर वाकलेला कारागीर डोळ्यांसमोर येतो. त्याचं नाव चित्रावर कुठेच नसतं.

बैठकीत एक नव्या काळातलं एचिंगही आहे, मुंबईच्या एका कलाविद्यार्थ्याकडून त्याच्या प्रदर्शनात घेतलेलं: पावसातलं रेल्वे फाटक. तिथेही समासच बोलतो. ॲसिडने कोरलेली जस्ताची प्लेट ओल्या कागदावर दाबली जाते, तिच्या कडेचा खोलगट ठसा चित्राभोवती उमटतो. खाली पेन्सिलने डावीकडे ७/२५, म्हणजे पंचवीस प्रतींतली सातवी, आणि उजवीकडे सही. माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याची, खिडकी अशी कापून घेतली की ठसा, आकडा आणि सही तिन्ही दिसतील. फ्रेमवाल्याला "अजून मोठी, अजून मोठी" असं तीनदा सांगावं लागलं.

फ्रेमचं काम मी आता समोर उभं राहून करून घेते. ॲसिड-फ्री माउंट बोर्डच हवा. साध्या पुठ्ठ्याने दहा वर्षांत कागदाला तपकिरी कड चढते. चित्र चिकटवायचं नाही, फक्त वरच्या बाजूने पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून टांगायचं. पावसाळ्यात कागद फुगतो, हिवाळ्यात आकसतो, त्याला हलायला जागा लागते. सेलोटेप तर लावूच नये, त्याचा पिवळा डाग कायमचा. काच चित्राला टेकता कामा नये, नाहीतर जुलैत वार्निश काचेला धरतं. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, म्हणजे भिंतीशी हवा खेळते. आमची पश्चिमेची भिंत पावसाळ्यात पाझरते, तिच्यावर खिळासुद्धा मारलेला नाही.

आणि उंची. जुन्या घरांत तसबिरी छताला लागून असत, देवाचं स्थान वरचं म्हणून. मी मात्र चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या जरा खाली ठेवते. माणसाने जवळ जाऊन ठिपके बघावेत.

गेल्या वर्षी रविवारच्या जुन्या बाजारात रविवर्म्याची छापील हंस-दमयंती मिळाली. कठड्यावर हंस, त्याच्याकडे बघणारी दमयंती. उजवा कोपरा फाटका, वर पाण्याचा डाग, पण चारी समास शाबूत. साडेतीन हजार दिले, घासाघीस केली नाही. डाग काढायचा प्रयत्नही केला नाही, फाटका कोपरा माउंटच्या खिडकीत दिसतो तसा दिसू दिला.

दिवाळीत आत्या आली. चौऱ्याऐंशी वर्षांची, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली. लग्न होऊन पुण्याला आल्यापासून दर चैत्रात लोकलने मळवलीला उतरून ती कार्ल्याच्या एकवीरेला जायची, गुडघे थांबेपर्यंत. लक्ष्मीसमोर हात जोडून झाले, मग दमयंतीपुढे उभी राहिली. मी भिंग हातात दिलं. तिला वाटलं चेहरा बघायचाय. मी म्हटलं, "खाली बघ, पांढऱ्या पट्टीवर."

बोट काचेवर ठेवून ती एकेक इंग्रजी अक्षर जुळवत गेली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, कार्ला लिहिलंय. म्हणजे हे आपल्या देवीच्या पायथ्याशी छापलंय?"

आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचायला लागली.