हात डायमध्ये का जातो, हे आधी विचारा

पॉवर प्रेस म्हणजे पत्रा दाबून कापणारं-वाकवणारं यंत्र; डाय हा त्याचा खालचा साचा, वरून पंच त्यावर उतरतो, तो एक स्ट्रोक. अशा प्रेसच्या शॉपमध्ये भिंतीवर बहुधा पाटी असते: 'डायमध्ये हात घालू नका.' हात आत का जातो, हे पाटी लिहिणाऱ्याला माहीत नसतं, ऑपरेटरला असतं. जॉब पंचला चिकटतो, स्क्रॅप अडकतो, ब्लँक (कापलेला पत्र्याचा तुकडा) लोकेटरवर (त्याची जागा ठरवणाऱ्या खुंटीवर) बसत नाही. म्हणून सुरक्षा धोरणाचा मसुदा प्रेसपाशीच सुरू करावा. ऑपरेटर, डाय सेटर, मेंटेनन्सवाला आणि हेल्पर यांच्यासोबत एक अख्खी बॅच बघा आणि हात आत गेला की कारण टिपा. सुपरवायझरला तेवढा वेळ लांब ठेवा, नाहीतर सगळे शहाण्यासारखे वागतील.

बरीच कारणं डायमध्येच मिटतात: नॉकआउट (चिकटलेला जॉब ढकलून सोडवणारा भाग), हवेचा झोत, स्क्रॅपसाठी उतार, लोखंडी पत्र्याला चुंबकी उचलणी.

दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून प्रेसला दोन बटणं असतात. त्यांपैकी एक सुतळीने बांधलेलं दिसलं, तर मेमो काढण्याआधी सर्किट तपासा. दोन्ही बटणं 0.5 सेकंदाच्या आत दाबली तरच स्ट्रोक पडावा आणि पुढच्या स्ट्रोकआधी दोन्ही सोडावी लागावीत. मग बांधून काही साधत नाही.

लाइट कर्टनचं, म्हणजे हात मध्ये आला की प्रेस थांबवणाऱ्या प्रकाशकिरणांच्या पडद्याचं, गणित वेगळं. प्रेस थांबायला कर्टनच्या प्रतिसादासकट 0.2 सेकंद लागत असतील आणि हाताचा वेग सेकंदाला 2 मीटर धरला, तर बोट ओळखणारा, म्हणजे 14 मिमीचा कर्टनही डायपासून किमान 400 मिमी हवा. मग स्टूल कुठे, ट्रे कुठे, हे ऑपरेटरच सांगू शकतो. जुन्या पिन-क्लचच्या प्रेसवर मात्र कर्टनचे पैसे वाया, कारण एकदा क्लच धरला की स्ट्रोक अर्ध्यात थांबतच नाही. तिथे फिक्स गार्डच, म्हणजे हात आत जाऊच न देणारा पक्का अडसर, लावा.

सगळ्यात जास्त मसुदे टार्गेटवर आपटतात. गार्डमुळे 6 सेकंदांचा जॉब 8 सेकंदांवर गेला, तर तासाला 600 ऐवजी 450 नगच निघणार. इन्सेंटिव्ह जुन्याच आकड्यावर ठेवला, तर गार्ड आठवड्याभरात कोपऱ्यात पडलेला दिसेल.

भोपाळनंतर, 1987 च्या दुरुस्तीने तेव्हाच्या कारखाना कायद्यात 41-जी कलम आलं: धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापनाचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती. इतर कारखान्यांनीही हीच रचना उचलावी. पण समितीत कायम कामगार आणि प्रेसवर कंत्राटी पोरं, असं अनेक ठिकाणी चालतं. कंत्राटी कामगारांचा निदान एक माणूस समितीत हवाच. मसुदा मराठीत आणि हिंदीत काढा, महिनाभर एकाच प्रेसवर चालवून बघा, मगच सह्या घ्या. आणि रात्रपाळीला प्रेस बंद करायचा अधिकार कोणाला, ते नावानिशी लिहा.