वर्म शिकलाय की नुसता दमलाय? माझा अनुभव

मास्टर्सच्या प्रोजेक्टला मी सी. एलेगन्सची मेमरी हा विषय घेतला. मिलिमीटरभर लांबीचा वर्म, पण न्यूरॉन मोजून ३०२, आणि कुठला कुठे जोडलाय याचा नकाशा १९८६ पासून छापलेला आहे, मग मेमरी शोधायला यापेक्षा चांगला प्राणी कुठला!

प्रयोग ऐकायला सोपा. प्लेटला बाजूने टकटक केली की वर्म दचकून मागे सरकतो, आणि टकटक चालूच ठेवली की मागे जाणं कमी कमी होतं, यालाच हॅबिच्युएशन म्हणतात. पण त्याआधीच खूप काम असतं, सगळे वर्म एकाच वयाचे लागतात म्हणून अंडी एकाच वेळची घ्यायची, २० डिग्रीला साधारण तीन दिवस वाढवायचे, मग प्लॅटिनमच्या बारीक तारेने एकेक उचलून नव्या प्लेटवर सोडायचा आणि उचलल्यावर बिथरलेला असतो म्हणून जरा थांबायचं. मायक्रोस्कोपखाली बॅक्टेरियाच्या थरात त्याची नागमोडी रेघ उमटलेली दिसते. पहिल्या टकटकीला तो चांगला लांब मागे येतो, नंतर नंतर जेमतेम थबकतो. हे बघताना मला दर वेळी जाम भारी वाटायचं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते एका प्रश्नाने, हा शिकलाय की नुसता दमलाय? त्याची एक टेस्ट आहे, सवय लागली की हलका इलेक्ट्रिक शॉक द्यायचा आणि परत टकटक करायची. दमला असता तर अजूनच ढेपाळला असता, पण तो पुन्हा जोरात मागे जातो. शिवाय १० सेकंदांच्या अंतराने टकटक केली की सवय पटकन लागते आणि पटकन जाते, ६० सेकंदांच्या अंतराने हळू लागते पण जास्त टिकते. नुसत्या थकव्याने असं होणार नाही, थकवा असता तर १० सेकंदांवाला, जास्त मंदावलेला वर्मच उशिरा सावरला असता.

खरी मजा दुसऱ्या दिवशीच्या मेमरीत आहे. ६० सेकंदांच्या अंतराने टकटक, मग तासभर विश्रांती, असं पुन्हा पुन्हा केलं तर २४ तासांनीही वर्म कमी दचकतो, पण सगळ्या टकटकी सलग उरकल्या तर ते टिकत नाही. आणि विश्रांतीच्या वेळात त्याला उष्णतेचा झटका दिला, ज्याने नवीन प्रोटीन बनणं बिघडतं, की दुसऱ्या दिवसाची मेमरी गायब! म्हणजे मेमरी पक्की होते ती विश्रांतीच्या वेळात, म्हणून तो तास मी कधीच छाटला नाही, लॅबमध्ये कितीही उशीर होऊ दे.

एरिक कँडेल यांनी अॅप्लिसिया या समुद्री गोगलगायीत हेच दाखवलं होतं (२००० चं नोबेल यासाठीच), थोडा वेळ टिकणाऱ्या मेमरीला नवीन प्रोटीन लागत नाही, दीर्घकाळच्या मेमरीला लागतं, आणि त्यासाठी क्रेब नावाचं, जीन्स चालू करणारं प्रोटीन दोन्ही प्राण्यांत लागतं.

आता पुढचा टप्पा म्हणजे जीएलआर-१ रिसेप्टर (ग्लुटामेट हे न्यूरॉनमधलं निरोप नेणारं रसायन पकडणारं प्रोटीन) चमकेल असे वर्म. ट्रेनिंगनंतर दुसऱ्या दिवशी ती चमक कमी झालेली असते, तीच मोजायला घेतलीय.