एका एकराच्या कापसाएवढी गाडी : अमरावती ते चिखलदरा

जुन्या आणि हौसेच्या गाड्यांच्या आमच्या ग्रुपमध्ये कागदावर अकरा गाड्या आहेत. सहलीच्या दिवशी त्यातल्या किती सुरू होतात हा वेगळा विषय. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी पहाटे साडेपाचला अमरावतीत चार गाड्या जमल्या आणि त्यातलीही एक पिकअपवर चढवून आणलेली होती. आमच्याकडे याला चांगली हजेरी म्हणतात.

पहिली माझी सॅन स्टॉर्म. १९९८ मध्ये बाजारात आलेली ही दोन सीटची उघडी गाडी गोव्यात बनायची. बॉडी फायबरची, इंजिन रेनॉचं ११४९ सीसीचं. रस्त्यात दर दुसरा माणूस ‘बाहेरून मागवली का?’ विचारतो. ‘गोव्याची आहे’ म्हटलं की चेहरा पडतो. दुसरी काकांची स्टँडर्ड हेराल्ड, मद्रासच्या कारखान्यातली, ९४८ सीसी, काकांच्या लग्नाआधीची. तिसरी खजिनदारांची जिप्सी. हिच्यात पाणी, हत्यारं, दोरखंड, वहिनींनी दिलेले धपाटे आणि वर्गणीची वही. चौथी मास्तरांची, पिकअपवाली. तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी सहल तिच्यामुळेच ठरली होती.

मास्तर आयटीआयमधून निवृत्त झाले आणि घरामागच्या शेडमध्ये त्यांनी चौकोनी पाइपांची चौकट जोडायला घेतली. डोळ्यासमोर होती लोटस सेव्हन, दोन सीटची हलकी उघडी गाडी. इंग्लंडमध्ये १९५७ साली लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने ती काढली आणि सुट्या भागांच्या स्वरूपात विकली. तयार गाडीवर तिकडे खरेदीकर लागायचा, सुट्या भागांवर नाही. माणसं घरी, अंगणात बसून गाडी जोडायची. १९७३ मध्ये तिकडची करपद्धत बदलली, त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम कंपनीकडे गेले आणि ती गाडी आजही बनते. मास्तरांनी वापरलंय मारुती ओम्नीचं ७९६ सीसी तीन सिलिंडरचं इंजिन, तिचाच गिअरबॉक्स आणि तिचाच मागचा एक्सल. यावर हसू नका. कॅटरहॅमने स्वतः २०१३ मध्ये काढलेल्या सेव्हन १६० मध्ये सुझुकीचंच ६६० सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आणि सुझुकीच्याच छोट्या व्हॅनचा एक्सल आहे. त्या गाडीचं वजन ४९० किलो. मास्तरांनी हा आकडा शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय. मास्तरांच्या गाडीतल्या सीट म्हणजे मंगल कार्यालयातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, पाय कापलेल्या. बेल्ट मात्र नवेकोरे.

ती पिकअपवर का, तर नंबर नाही म्हणून. इंग्लंडात घरी बांधलेल्या एकेका गाडीची तपासणी होऊन तिला नंबर मिळू शकतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परस्पर बदल करू देत नाही, आणि कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. जिथे आहे त्या गाडीत बदल चालत नाही, तिथे खुर्च्या लावलेल्या गाडीला कोण नंबर देणार? तेव्हा कोणी घरी गाडी बांधत असेल तर आधीच मनाशी ठरवा : ती खासगी जागेतच फिरणार. ‘एखादी चक्कर, कोण बघतं’ हे आमच्या ग्रुपमध्ये चालत नाही. अपघात झाला तर विमा नाही, आणि समोरचा माणूस आपल्याच गावचा असतो.

हेराल्डसारख्या जुन्या गाडीवाल्यांसाठी एक सूचना. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमाने विंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. तो घेतला की गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच बाहेर काढता येते. काकांनी घेतला नाही. त्यांना हेराल्डने भाजी आणायला जायचं असतं. ते दर पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या रांगेत उभे राहतात. तुम्हाला गाडी कशासाठी हवी ते ठरवून अर्ज करा.

वलगाव, आसेगाव करत परतवाड्याच्या अलीकडे एक लेआउट आहे. शेत मोडून प्लॉट पाडलेत, डांबरी रस्ते झालेत, विजेचे खांब आलेत. घर एकही नाही. मालक काकांच्या ओळखीचा. त्याने सकाळी दोन तास फाटक लावून घ्यायची परवानगी दिली होती. लेआउटला लागूनच वजनकाटा. मास्तरांनी तो आधीच हेरून ठेवला होता.

कापसाच्या तीन ट्रॉल्या रांगेत होत्या. त्यांच्यामागे आम्ही चौघं गाडी हाताने ढकलत उभे. काट्यावरच्या पोट्ट्याने मान वर न करता विचारलं, “खाली का भरली?”

“खाली.”

“माल का लिहू?”

“अरे, गाडीच आहे ही.”

“तसं नाई चालत जी. कॉम्प्युटरले माल लागते. कापूस, तूर, सोयाबीन, संत्रा, गिट्टी, भंगार.”

मास्तर म्हणाले, “भंगार लिही बाबा.”

५३० किलो. त्या काट्याला दहा किलोच्या खालचं दिसत नाही. मास्तरांचा चेहरा उतरला, चाळीस किलो कुठे वाढले हे ते बोटांवर मोजू लागले. मागच्या ट्रॉलीवरचा शेतकरी मात्र खूश झाला. “पाच क्विंटल तीस! एका एकराचा कापूस झाला न बाप्पा हा!”

लेआउटमधला तास मी वर्णन करत बसत नाही. एकेकजण दोन चकरा मारायचा आणि उतरताना काही न बोलता पुढच्याला हेल्मेट द्यायचा. तळ जमिनीपासून वीतभर, दार नाही, पुढचं चाक वळताना डोळ्यांनी दिसतं. ताशी चाळीसला ऐंशी वाटतात. मास्तर कोपऱ्यात उभे राहून फक्त आवाज ऐकत होते. साडेनऊला पिकअपवाला घाईला आला, कारण त्याला दहाला संत्रा भरायचा होता. डिसेंबर म्हणजे आंबिया बहाराची तोडणी; या दिवसांत अचलपूर-चांदूर बाजार भागात ऐनवेळी पिकअप मिळत नाही. चार दिवस आधी सांगून ठेवा, आणि परतीची वेळही तेव्हाच ठरवा. मास्तरांची गाडी घरी गेली, मास्तर जिप्सीत बसले.

परतवाड्यात नाश्ता आणि पेट्रोल. पेट्रोल इथेच टाकीभर घ्या, वर गेल्यावर बघू म्हणू नका. दुकानंही इथेच भरपूर आहेत : होजपाइप, क्लिपा, फ्यूज, फॅनबेल्ट, सगळं मिळतं.

आता रस्त्याबद्दल. अंतर जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. मोठी गाडी दोन-अडीच तासांत पोचते. आम्ही चार धरतो. गावोगावचे ब्रेकर हा खरा शत्रू आहे. पांढरे पट्टे नसतात, उंचीला मोजमाप नसतं. बुटकी गाडी असेल तर शेजारच्याला उतरवा आणि ब्रेकर तिरका पार करा, एकेक चाक चढवत. फायबरचा तळ घासला तर गाडी थांबवून नाण्याने टकटक करत जा. आवाज खणखणीतऐवजी बद्द आला की आत तडा आहे. चिकटवायचा रेझिन आणि काचेच्या धाग्याचं कापड डिकीत असू द्या. गावचा डेंटिंगवाला हातोडी घेऊन पुढे आला तर हात जोडा.

आणि गाड्यांचा क्रम. यावर आमच्या ग्रुपमध्ये दोनदा भांडण झालं, एक सभासद त्यावरून सोडूनही गेले. नियम असा : सगळ्यात हळू गाडी पुढे, मदतीची सगळ्यात मागे. म्हणजे हेराल्ड पुढे, जिप्सी शेवटी. वेगवान गाडी पुढे ठेवली की अर्ध्या तासात ती दिसेनाशी होते, आणि मग मागचा माणूस दमलेल्या इंजिनाला मारत राहतो. ज्यांना हे जमत नाही त्यांनी समृद्धी महामार्गाने जावं. आम्ही एकदा गेलो होतो. सरळ काँक्रीट, ऊन, आणि बिघाड झाल्यावर दोन्ही बाजूंना कुंपण. जुनी गाडी माणसांच्या वस्तीतून न्यावी. गावात बंद पडलात तर पाच मिनिटांत दहा जण जमतात, त्यातल्या आठ जणांचे सल्ले चुकीचे असतात, पण नवव्याचा मेहुणा मेकॅनिक असतो.

आम्हाला तो धामणगाव गढीच्या वर लागला. घाट सुरू होऊन दुसरं वळण घेतलं आणि माझा अ‍ॅक्सिलरेटर खाली बसला तो बसलाच. इंजिन चालू, गाडी जागेवर. हँडब्रेक ओढला, मास्तरांनी मागच्या चाकाला दगड लावला. केबल पेडलजवळ तुटली होती. खरं तर जास्तीची केबल डिकीत असायला हवी होती. चार महिन्यांपूर्वी एका दुकानदाराला पूर्ण पैसे पाठवले, त्याने भलत्याच गाडीची पाठवली, आणि आता फोन उचलत नाही. आलेला भाग पाकिटातून काढून जुन्याशेजारी धरून बघायचा, हे तेव्हापासून शिकलो. लांबी, टोकं, सगळं. मी पाकीटच फोडलं नव्हतं.

जिप्सी खाली गेली आणि विशीतला एक पोरगा मोटरसायकलवरून तिच्यामागे आला. हातात चेतक स्कूटरची क्लच वायर. लांब असते म्हणून तीच आणली, म्हणाला. जुन्या केबलमधली तुटकी तार त्याने ओढून काढली, नवीला बोटभर ग्रीस चोपडलं आणि हळूहळू आत सारली. लांबी जास्त झाली ती दगडावर ठेवून छिन्नीने तोडली. पेडलच्या टोकाला अडकवायला गोळी नव्हती. खिशातून त्याने वायरमन वापरतात ती पांढरी कनेक्टरची पट्टी काढली, दातांनी प्लास्टिक सोललं, आतला पितळी तुकडा तारेवर चढवून स्क्रू आवळला. मग त्याच्या मागे दुसरा.

“दोन कायले?”

“पहिला सरकला तं दुसरा धरते. पण जोरात नका दाबजा जी, हा घाट हाय.”

पन्नास मिनिटं, दीडशे रुपये. खजिनदारांनी दोनशे दिले तर त्याने पन्नास परत केले. ती वायर अजून गाडीत आहे. थंडीत जरा अडकते आणि आयडल, म्हणजे पाय उचलल्यावरचा इंजिनाचा वेग, चढतं, तेवढंच. तेव्हापासून आमच्या सामानात चेतकची एक वायर आणि कनेक्टरची एक पट्टी कायमची आली. दोन्ही मिळून शंभरच्या आत, आणि बहुतेक कुठल्याही जुन्या गाडीला चालते.

आम्ही थांबलो ते हेराल्डच्या पथ्यावर पडलं, कारण तिचा तापमानाचा काटाही लालकडे चालला होता. हेराल्डचं बॉनेट मडगार्डसकट सगळं पुढे उलटतं. काका पुढच्या टायरवर बसून थर्मासमधला चहा पीत इंजिन निवायची वाट बघतात. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे ते प्रत्येक बघ्याला स्वतंत्रपणे सांगतात. वळणांवर मात्र तिच्याकडून शिकावं. तिची पुढची चाकं इतकी वळतात की जिथे जिप्सी मोठा फेर घेते तिथे काका आपल्याच बाजूत राहून निघून जातात.

चिखलदऱ्यात दुपारी पोचलो. उंची १,११८ मीटर, गारठा एकदम जाणवतो. उघड्या गाडीत कानटोपी आणि हातमोजे लागतातच, मफलर उडतो. नाक्यासाठी सुटे पैसे ठेवा. कॉफीची झुडपं बघितली, खवा घेतला, रबडी दोनदा खाल्ली. गाविलगडाच्या दरवाजाशी काकांनी १५ डिसेंबर १८०३ चा किस्सा दरवर्षीप्रमाणे सांगितला : वेलस्लीच्या फौजेने भोसल्यांकडून हा गड त्या दिवशी घेतला. किल्ला नीट बघायचा तर अर्धा दिवस काढून या. आम्ही तो कधीच काढत नाही, कारण गड बघायला वेळ लागतो आणि गाड्या बघायला माणसं जमलेली असतात.

परत निघायचं ते तीनला, त्यापुढे नाही. अंधार पडला की कापसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. भार दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, आणि बुटक्या गाडीतून तो पांढरा ढीग अगदी नाकाशी आल्यावर दिसतो. सेमाडोहकडून मेळघाटातून उतरायचा मोह होतो. तो दिवसाच्या सहलीसाठी ठेवा आणि वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारून घ्या.

पेट्रोल ज्याचं त्याने, बाकी वर्गणी माणशी साडेचारशे बसली, त्यात पिकअपचं भाडं धरून. खजिनदारांच्या वहीत वजनकाट्याचे पैसे वेगळे मांडलेत. पावती द्या म्हणून त्यांनी मास्तरांकडे तीनदा मागितली, मास्तर देत नाहीत. त्यांनी ती लॅमिनेट करून डॅशबोर्डच्या खाली स्क्रूने बसवली आहे. माल : भंगार, वजन : ५३०, तारीख, वेळ, आणि गाडी क्रमांकाच्या जागी एक आडवी रेघ. त्या गाडीच्या नावाने असलेला तेवढाच छापील कागद आहे.