अर्धशिशी, ऑरा आणि रक्ताच्या तीन तपासण्या

डोकं ठणकायच्या आधी डोळ्यांसमोर नागमोडी चमकती रेघ येते. बोटांतल्या झिणझिण्या सरकत सरकत ओठांपर्यंत पोचतात. हातात चमचा असतो आणि 'चमचा' हा शब्दच सापडत नाही. हा ऑरा. पहिल्यांदा होतो तेव्हा माणसाला लकवाच वाटतो, आणि ती भीती अगदी रास्त आहे.

ऑरा हळूहळू पसरतो. एकेक लक्षण साधारण 5 ते 60 मिनिटं टिकतं. लकव्यात हात बहुधा एकदम लुळा पडतो. म्हणून घड्याळ बघून वहीत लिहा: '7.10 डावीकडे रेघ, 7.25 डावी बोटं, 7.40 शब्द अडतात, 8 ला ठणका.' आधी एक डोळा झाका, मग दुसरा. दोन्ही वेळा रेघ दिसली तर ती मेंदूतून येते आहे. एकाच डोळ्यापुढे अंधारी आली किंवा हातपाय पहिल्यांदाच लुळे पडले, तर वही राहू दे, तडक हॉस्पिटल गाठा.

अर्धशिशीच्या प्रत्येक पेशंटची एएनए तपासणी (शरीराच्या स्वतःच्याच पेशींवर उलटलेल्या अँटिबॉडी शोधणारी रक्ततपासणी) करणं मला पटत नाही. धडधाकट माणसांतही ती थोडीफार पॉझिटिव्ह येते आणि घर उगाच धास्तावतं. पण सोबत वारंवार गर्भपात, पायाच्या शिरेत गुठळी, कमी प्लेटलेट किंवा मांड्यांवर जांभळट जाळी असेल, तर अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम तपासायलाच हवा. यात शरीराच्याच अँटिबॉडींमुळे रक्तात गुठळ्या होतात.

तपासण्या तीन: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन, अँटी-बीटा-2 ग्लायकोप्रोटीन. पहिलीचं नाव फसवं आहे. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) झाला असं नव्हे. वॉरफरिन किंवा हेपरिन ही रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर रक्त देण्याआधी लॅबला सांगा, नाहीतर रिपोर्ट चुकू शकतो. तिन्हींपैकी कोणतीही पॉझिटिव्ह आली तरी किमान 12 आठवड्यांनी पुन्हा करायची, कारण साध्या संसर्गानंतरही या अँटिबॉडी तात्पुरत्या वाढतात. हीच दुसरी फेरी लोक टाळतात, आणि मग खरं निदान लटकून राहतं.

ऑरा असेल तर इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी लकव्याचा धोका वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना हे आपणहून सांगा. अर्धशिशीच्या एक बाजू लुळी पडणाऱ्या प्रकारात ट्रिप्टान (अर्धशिशीचा ठणका थांबवणाऱ्या खास गोळ्या) देत नाहीत. आणि त्याच वहीत गोळी घेतलेल्या दिवसांवर खूण करा. ट्रिप्टान महिन्यात 10 दिवस किंवा साधी पॅरासिटामॉल 15 दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं, तर गोळीच डोकं दुखवायला लागते.