तुम्ही विचारलंत म्हणून : वाघ आजारी आहे हे कळतं कसं?

मी वन्यप्राण्यांची डॉक्टर आहे म्हटलं की लग्नात, रेल्वेत, मुलीच्या शाळेत, कुठेही पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "पिंजऱ्यातला वाघ आजारी पडला हे तुम्हाला कळतं कसं? तो बोलत नाही, आणि जवळ तर जाता येत नाही." तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते, कारण प्राणीसंग्रहालयातली निम्मी काळजी या एकाच अडचणीपायी घ्यावी लागते.

वाघ नुसता गप्प राहत नाही, तो दुखणं लपवतो. जंगलात लंगडणारं हरीण आधी मारलं जातं आणि अशक्त वाघाचा इलाका दुसरा वाघ बळकावतो. दुबळेपणा दिसू न देणं तिथे जगण्यासाठीच लागतं, आणि पिंजऱ्यात जन्मलेल्या वाघातही ही सवय टिकून असते. पक्षी तर याबाबतीत फार पक्के. सकाळी दांडीवर व्यवस्थित बसलेला पोपट दुपारी खाली पडलेला सापडतो. शवविच्छेदन करताना दिसतं की छातीचं मांस झडून मधलं हाड वर आलेलं होतं आणि हे सगळं पिसांखाली झाकलेलं होतं. म्हणून पक्ष्याच्या बाबतीत डोळ्यांपेक्षा वजनकाट्यावर विश्वास ठेवायचा.

मग कळतं कसं? कीपरमुळे, म्हणजे प्राण्यांची रोजची देखभाल करणाऱ्या माणसामुळे. सकाळची पहिली फेरी त्याची असते. काल दिलेल्या मांसातलं किती उरलं, पाणी किती कमी झालं, विष्ठा कशी आहे, हे तो नोंदवहीत लिहितो. पण वहीत न मावणाऱ्या गोष्टी जास्त मोलाच्या असतात. एक जुने कीपरकाका एकदा म्हणाले, "मॅडम, आज वाघीण फुरफुरली नाही." वाघ ओळखीच्या माणसाला पाहिलं की नाकातून मऊ फुरफुर आवाज काढतो, ती त्याची भेटण्याची रीत. तिचं खाणं ठीक होतं, चाल ठीक होती, मला बाहेरून काहीच दिसत नव्हतं. तरी रक्त तपासलं. मूत्रपिंडं कमजोर होऊ लागली होती. म्हाताऱ्या वाघांमध्ये हा आजार नेहमीचा, पण इतक्या लवकर हाती लागला तर आहार आणि औषधं बदलून त्यांना बरंच चांगलं आयुष्य देता येतं.

रक्त घेणं हेही एक प्रकरणच आहे. पूर्वी, आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी, एक सरकती भिंत असलेल्या पिंजऱ्यात वाघाला घेतात, भिंत हळूहळू पुढे आणतात आणि तो हलू शकत नाही अशी वेळ आली की शेपटीच्या शिरेतून रक्त काढतात. काम होतं, पण वाघ त्या पिंजऱ्याला आणि आम्हाला विसरत नाही. त्यापेक्षा शिकवणं चांगलं. काठीच्या टोकाला नाक लावलं की मांसाचा तुकडा, गजांना अंग लावून आडवा झाला की आणखी एक. असं करत करत महिन्यांनी वाघ आपणहून शेपूट गजांबाहेर देऊ लागतो. नको वाटलं तर तो उठून निघून जाऊ शकतो, आणि गेला तर त्या दिवशी सुई टोचायची नाही. हा नियम आम्ही पाळला तरच तो दुसऱ्या दिवशी परत येतो.

चितळाचं हे असं जमत नाही. पकडायला धावलात तर घाबरून इतकं पळतं की त्याचे स्नायूच आतून निकामी होतात, आणि जखम नसलेलं जनावर पकडल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी मरतं. त्यामुळे कळपाला शक्यतो हात लावायचा नाही. औषध चाऱ्यातून द्यायचं आणि दुरून पाहायचं.

लपवलेला आजार उशिरा कळणारच, म्हणून तो आत येऊच नये यावर खरा भर द्यावा लागतो. नवा प्राणी आला की कमीत कमी तीस दिवस वेगळा ठेवायचा. मेलेल्या प्रत्येक प्राण्याचं शवविच्छेदन करायचं. मांस कुठून येतं हे पाहायचं. थायलंडमधल्या श्रीराचा इथल्या वाघांच्या प्राणीसंग्रहालयात २००४ मध्ये बर्ड फ्लू झालेल्या कोंबड्या वाघांच्या खाण्यात आल्या, तेव्हा ४४१ पैकी १४७ वाघ मेले किंवा मारावे लागले. आपल्याकडे नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात २०२४ च्या डिसेंबरअखेर तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले. ती बातमी आली तेव्हा मांसाच्या डब्यावर झाकण लावायला विसरणाऱ्या कुणावरही मी रागावले असते. आणि माश्या! ओडिशातल्या नंदनकाननमध्ये २००० च्या जुलैत डझनभर वाघ सर्रा रोगाने दगावले. हा रोग रक्त पिणाऱ्या गोमाश्या पसरवतात. पिंजऱ्याजवळ साचलेला चिखल आणि वाढलेलं गवत काढणं हेसुद्धा वाघावरचे उपचारच आहेत.

यानंतर थोडं थांबून, बहुतेक जण दुसरा प्रश्न विचारतात. "पण तो सुखी असतो का?"

याचं उत्तर प्रत्येक प्राण्यासाठी वेगळं आहे. निरोगी प्राणीही दुःखी असू शकतो. एकाच वाटेवरून तासन्‌तास येरझारा घालणारा बिबट्या, मान हलवत राहणारं अस्वल, ही त्याची लक्षणं. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं की जंगलात ज्यांचा इलाका खूप मोठा असतो, ते मांसाहारी प्राणी बंदिवासात जास्त येरझारा घालतात आणि त्यांची पिल्लंही जास्त दगावतात. काही प्राण्यांना आपण पुरेसं देऊच शकत नाही, आणि हे मान्य केलं पाहिजे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्ये हत्ती प्राणीसंग्रहालयांतून हलवण्याचे आदेश दिले, ते मला पटतात.

बाकीच्यांसाठी करण्यासारखं पुष्कळ असतं. बिबट्याला उंच मचाण आणि झाडीचा आडोसा. अस्वलाला भोकं पाडलेला ओंडका, आत मध. जिभेने आणि नखांनी ते काढण्यात त्याची अख्खी दुपार जाते. उन्हाळ्यात मांस घालून गोठवलेली बर्फाची लादी. कधी नुसता दुसऱ्या प्राण्याच्या अंगाचा वास लागलेला गवताचा भारा. यातलं महाग काहीच नाही. फक्त रोज कुणीतरी डोकं चालवावं लागतं, कारण तीच युक्ती आठवडाभर केली की प्राणी तिच्याकडे पाहतसुद्धा नाही. आडोशाला गेलेला बिबट्या दिसत नाही म्हणून पर्यटक चिडतात, गजांवर थापा मारतात. तो लपलेला आहे म्हणजे त्याला लपायला जागा आहे, आणि ती आम्ही मुद्दाम दिलेली आहे.

हे सगळं पुन्हा त्या सकाळच्या माणसावर येऊन थांबतं. मी काम केलं त्या एका ठिकाणी कीपर कंत्राटावर होते, अकरा महिने झाले की नवा माणूस. वाघीण फुरफुरते हे त्याला कळेपर्यंत त्याचं कंत्राट संपलेलं असे. नवीन पिंजऱ्यांसाठी, काचेच्या भिंतींसाठी कोटींचा निधी येतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कीपरला कायम नोकरी, रीतसर प्रशिक्षण, आणि आपल्या प्राण्यापाशी सलग काही वर्षं राहण्याची मुभा, हे मी प्रत्येक बैठकीत मागत आले आहे. पुढच्या बैठकीतही मागणार आहे.