जून की जुलै

मी कॉलेजात फिजिकल डायरेक्टर आहे. घर ख्रिस्ती, नगर जिल्ह्यातलं, त्यामुळे मिशन कंपाउंडच्या ग्राउंडवरच लहानाचा मोठा झालो, बास्केटबॉल तिथेच शिकलो. पुढे बीपीएड केलं चेन्नईला नंदनमच्या वायएमसीए कॉलेजात, हॅरी क्रो बक यांनी 1920 साली सुरू केलेलं. सीझनच्या पहिल्या दिवशी पोरांना गोलात बसवून दोन गोष्टी सांगायच्या, ही माझी तेव्हापासूनची सवय. एक नेस्मिथ सरांची, ज्यांनी 1891 च्या डिसेंबरात स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए ट्रेनिंग स्कूलमधे पीचच्या टोपल्या ठोकून हा गेम काढला. ते मुळात धर्मशास्त्र शिकलेले. दुसरी एरिक लिडेलची. एडिंबरा युनिव्हर्सिटीचा पोरगा, 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकला 100 मीटरच्या हीट्स रविवारी आल्या म्हणून ती रेस पळालाच नाही, रविवार प्रभूचा, बास, आणि त्याच आठवड्यात 400 मीटर 47.6 सेकंदात पळून गोल्ड. (त्या ऑलिंपिकला आमचे बक सर भारताच्या टीमचे मॅनेजर होते, हे सांगताना मला दरवर्षी अंगावर काटा येतो.) टीममधे ख्रिस्ती पोरं एखाद-दुसरं, धर्माचं मी काही लादत नाही, मॅचआधी मिनिटभर सगळे डोळे मिटून गप्प, ज्याने त्याने आपापल्या देवाला आठवावं.

त्या वर्षी इंटरकॉलेजिएटची सेमीफायनल शनिवारी 58-55 ने मारली, त्यातले 24 पॉइंट एकट्या सेंटरचे, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या आमच्या पोराचे. बारावीनंतर बाप आजारी पडला म्हणून शिक्षण सोडून काही वर्षं शेती बघितलेला पोरगा, बोलणं कमी, आणि रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून उसळून परत येणाऱ्या बॉलला, उडी मारली की बॉल त्याचाच. फायनल रविवारी सकाळी 10 ला. मी ठरवलं होतं की 7 ची उपासना गाठायची आणि तिथून थेट ग्राउंड.

रात्री होस्टेलच्या हॉलमधे पोरं झोपली आणि मी फायनलसाठी फाइल लावत बसलो. सेंटरच्या एलिजिबिलिटी फॉर्मवर जन्मतारीख 28/07. खाली शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स, तिच्यावर 28/06, आणि अक्षरी पण लिहिलेलं, अठ्ठावीस जून. मी परत वाचलं, मग मोबाईलचा टॉर्च लावून वाचलं. नियम असा की 1 जुलैला वय 17 ते 25 च्या आत पाहिजे. पोरगा 3 दिवसांनी बाहेर. ऑफिसात भरताना 6 चा 7 झाला, आणि खाली सही माझी. दाखला समोर ठेवून तारीख ताडून बघायचं काम माझं होतं, मी केलं नव्हतं.

कमिटीने कागद तपासून झाले होते, कुणालाही कळणार नव्हतं. त्या रात्री प्रार्थनेला बसलो तर शब्दच येईनात, कारण उत्तर माहीत होतं. होय तर होय, नाही तर नाही, हे बायबलमधलं वचन लहानपणापासून पाठ आहे. मला फक्त ते दुसऱ्या कुणीतरी करावं असं वाटत होतं.

साडेपाचला त्याला उठवून बाहेर नळापाशी नेलं. त्याने नीकॅप आधीच चढवलेली, झोपतानाच घालून झोपला होता. सांगितलं सगळं. बराच वेळ गप्प.

"सर, कुणाला कळलं असतं का?"

"नाही."

"मग तुम्ही द्या लिहून, मला लिहायला लावू नका."

मी अर्ज लिहिला, चूक माझी म्हणून सही केली आणि कमिटीला दिला. आमची टीम बाद. काल हरलेलं कॉलेज पहाटेच्या एसटीने निघून गेलेलं, त्यांच्या सरांना फोन केला तर ते तीनदा म्हणाले, "खरं सांगताय ना सर?" अर्ध्या वाटेत उतरून परत आली पोरं. प्राचार्यांचा फोन आला तो मी सांगत नाही. आणि आमचा कॅप्टन, ज्याचं पण ते शेवटचंच वर्ष होतं, तो माझ्याशी आजतागायत नीट बोललेला नाही. त्याचा राग मला पटतो. खरं बोललो मी, पण भरपाई त्या पोरांनी केली.

उपासना बुडालीच. 7 ला मी त्या अर्जाच्या झेरॉक्स काढत होतो.

परतीच्या गाडीत सेंटर माझ्या शेजारी येऊन बसला. घाट उतरेपर्यंत काही नाही, मग खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "सर, त्या लिडेलला दुसरी रेस होती ना."

होती. याला नव्हती, पुढच्या जुलैला वय आणखी एक वर्षाने पुढे जाणार. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो नीकॅप काढून तिची घडी करत होता, परत उलगडत होता, परत घडी. नगर येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो.