रायफल हलकी करायचीय? आधी नळीकडचं वजन बघा

रायफल हलकी करायची म्हणलं की सगळ्यांचं बोट पहिल्यांदा कॅटलॉगमधल्या कार्बन फायबरवर जातं. टेक्सासमधल्या माझ्या भाच्याचंही तेच आणि इथं साताऱ्यात संध्याकाळी रेंजवर पोरं घेऊन येणाऱ्या आईबापांचंही तेच. दोन्ही रायफलींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, भाच्याची एआर-१५, म्हणजे ट्रिगर दाबला की एक गोळी सुटून पुढची आपोआप भरणारी सेमी-ऑटो रायफल, तिकडच्या कायद्यात बसणारी, आणि आमच्या पोरांची १० मीटरवर छर्रा मारणारी एअर रायफल. पण प्रश्न तोच, आणि माझं उत्तरही बऱ्यापैकी तेच, म्हणून म्हणलं एकदा सगळं लिहूनच टाकू, दरवेळी फोनवर तेच बोलून तोंड दुखायला लागलंय.

तर रायफल एकूण किती ग्रामची आहे हे नंतर बघा, आधी ते ग्राम खांद्यापासून किती लांब लटकलेत ते बघा. भरलेली कळशी कमरेवर घेऊन बायामाणसं गावभर चालतात, तीच कळशी हात लांब करून धरायला सांगा, दोन मिनिटात दंड थरथरतोय का नाही बघा. हिशोब सोपा आहे, १०० ग्रामचा तुकडा खांद्यापासून २५ सेंटीमीटरवरून उचलून ७० सेंटीमीटरवर नेला तर त्याचा खाली ओढणारा जोर पावणेतीन पटीच्या वर जातो, आणि रायफल डावी-उजवीकडं वळवताना तो जो अडून बसतो ते तर वर्गानं वाढतं, म्हणजे जवळजवळ आठपट. त्यामुळं बटाकडचे, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या टोकाचे, २०० ग्राम काढायला पैसे ओतणारा माणूस दिसला की मला हसू येतं.

आधी भाच्याचं सांगतो. त्याला हलकी एआर बनवायचीय, हॅंडगार्ड म्हणजे नळीभोवतीचं पुढच्या हातानं धरायचं कवच, आणि वरचा भाग म्हणजे अप्पर, त्यातली नळी, गोळी भरताना मागंपुढं सरकणारं बोल्ट कॅरियर असलं सगळं सुट्टं घेऊन. तिकडं हे सगळं राजरोस दुकानात मिळतं आणि पर्याय एवढे की माणूस वेडा व्हायची पाळी. रोज रात्री तीन-चार लिंका पाठवतो, मामा ही बघा, मामा ती बघा. मी त्याला म्हणलं हॅंडगार्ड घेताना फ्री-फ्लोट घे, म्हणजे तो मागं नळीच्या नटापाशीच पकडलेला असतो आणि पुढं नळीला कुठंच शिवत नाही. जुन्या पद्धतीचे प्लास्टिकचे दोन अर्धे तुकडे पुढं नळीवरच्या टोपीत अडकायचे, त्यामुळं हातानं दाबलं किंवा पट्टा ताणला की तो ताण थेट नळीवर, आणि गोळी सरकणार. हे कळलं की अर्ध्या लिंका आपोआप गळतात.

मग पट्ट्यांचा विषय, म्हणजे हॅंडगार्डवर टॉर्च-बिर्च अडकवायची सोय. एकेकाळी चारी बाजूंनी पिकॅटिनीचे दात असलेले हॅंडगार्ड लोक हौसेनं लावायचे, त्या दातांचं अमेरिकन लष्करी स्टॅंडर्ड १९९५ चं आहे. मजबूत असतात, वाद नाही, पण जिथं काहीच लावायचं नाही तिथंही दात, म्हणजे फुकटचं धातू वागवायचं, वर हाताला टोचतं म्हणून त्यावर परत रबराची कव्हरं. त्यानंतर की-मॉड आलं, २०१४ ला मॅगपुल कंपनीचं एम-लॉक आलं, यात नुसत्या खाचा, पाहिजे तिथंच पट्टी बसवायची. दोघांत भारी कोण यावर बरीच वर्षं भांडणं चालली, शेवटी अमेरिकेच्या स्पेशल ऑपरेशन्स कमांडसाठी क्रेनच्या नौदल केंद्रात चाचण्या झाल्या आणि त्यात एम-लॉक सरस निघालं, त्यानंतर बाजारच तिकडं वळला. भाच्याला म्हणलं एम-लॉक घे, विषय संपला.

आता लांबी. त्याला १५ इंचाचा पाहिजे, कारण काय तर फोटोत भारी दिसतो. अरे पण नळी १६ इंचाची, तू काय पार टोकाला हात लावून मारणारायस का? गॅस ब्लॉक, म्हणजे गोळीमागचा थोडा गॅस नळीतनं वळवून पुढचा राउंड भरायला लावणारा तुकडा, झाकला गेला आणि तुझा हात नैसर्गिक जिथं जातो तिथं पकड मिळाली की बास, त्याच्या पुढचा प्रत्येक इंच म्हणजे सगळ्यात महागडे ग्राम, कारण ते सगळ्यात लांब लटकलेले. आणि लोक काय करतात, आधी हॅंडगार्डवर पैसे घालून शे-दीडशे ग्राम वाचवतात, मग त्याच्याच टोकाला टॉर्च, पकडायचा दांडा, आणखी काय काय लावून दुप्पट परत चढवतात. पातळ ॲल्युमिनियम लवकर तापतं हेही कोणी सांगत नाही, जुन्या प्लास्टिकवाल्यात आत उष्णता अडवायला पत्रा असायचा तो काय उगीच नव्हता. कार्बन फायबर हाताला कमी चटका देतं, त्याचा खरा फायदा मला वजनापेक्षा हा वाटतो.

खरं वजन तर नळीत असतं. जाड नळी आणि पेन्सिल प्रोफाइलची बारीक नळी यांत २००-४०० ग्रामचा फरक सहज पडतो आणि तोही पुढच्या बाजूचा. बारीक नळी भराभर मारलं की लवकर तापते आणि गोळ्या पसरायला लागतात, पण भाचा शनिवारी रेंजवर जाऊन निवांत मारणार, त्याला कुठं तापवायचीय? अप्परचं म्हणाल तर फॉरवर्ड असिस्ट, म्हणजे बोल्ट हातानं पुढं ढकलायचं बटण, नसलेला, गुळगुळीत बाजूचा अप्पर घेऊन वाचतात थोडेसेच ग्राम, आणि तेही खांद्याजवळचे, म्हणजे जिथं वाचवून काही कळत नाही. हलकं बोल्ट कॅरियर तर मी त्याला सरळ नको म्हणलं, त्याचं वजन बदललं की गॅसचं गणित हलतं, मग ॲडजस्ट होणारा गॅस ब्लॉक पाहिजे, मग तो जुळवत बसा, आणि एवढं करून एखादा राउंड अडकला की मामाला फोन.

तो विचारतो, मामा तुम्ही कधी हातात तरी घेतलीय का एआर? नाही रे बाबा, हिथं कुठनं. सेमी-ऑटो रायफल आपल्याकडं साध्या माणसाला मिळत नाही. पण वजन टेक्सासमध्ये वेगळं आणि साताऱ्यात वेगळं लटकत नाही.

एक मधेच सांगतो, कारण परवाच एकानं विचारलं. परदेशातल्या पाहुण्याला "येताना बॅगेत एखादा हॅंडगार्ड टाकून आण की" असलं अजिबात म्हणू नका. १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये बंदुकीच्या व्याख्येत तिचे सुटे भागही येतात, विमानतळावर पाहुणा अडकेल आणि तुम्ही इकडं वकील शोधत फिराल. एअर रायफलला सूट आहे, २०१६ च्या नियमांप्रमाणं ४.५ मिलिमीटरपर्यंतची आणि २० जूलच्या आतली असेल तर लायसन्स लागत नाही, आणि १० मीटरच्या मॅच रायफली त्या मर्यादेच्या निम्म्यालाही पोचत नाहीत.

आता आपल्या पोरांकडं. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ब्रॉंझ मारलं, राधानगरीतल्या कांबळवाडीचा पोरगा, आणि आपल्या ह्या पट्ट्यात एकदम वातावरणच फिरलं. कोल्हापूरला तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यामुळं शूटिंग आधीपासून होतंच, आता साताऱ्यातही लोक पोरांना घेऊन येतात. आणि पहिला प्रश्न, सर स्वप्नीलची कुठली रायफल, तसलीच घेऊ. अहो त्याचं मेडल ५० मीटर थ्री पोझिशनमधलं, ती पॉईंट टूटूची रायफल, तिला ८ किलोपर्यंत परवानगी. आपलं पोरगं १० मीटर एअर रायफलला, तिथं साइटसकट ५.५ किलो ही कमाल मर्यादा. कमाल बरं का, ती गाठलीच पाहिजे असं काही नाही, मोठे खेळाडू तिच्या जवळ जातात कारण त्यांचं अंग तयार झालेलं असतं.

आमच्याकडं एक आठवीतली पोरगी येते, अंगानं किरकोळ, पण डोळा आणि डोकं दोन्ही शांत. पहिल्या दोन सिरीज, म्हणजे दहा-दहा शॉट, झकास, दहाच्या आतबाहेर, आणि मग शॉट खाली खाली उतरायला लागतात, घड्याळातल्या सहाच्या काट्याकडं. मॅचला ६० शॉट आणि ७५ मिनिटं असतात, टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, त्यात असं उतरत गेलं की झालं. तिचे वडील लगेच कार्बनच्या स्टॉकची, म्हणजे रायफलच्या दस्त्याची, चौकशी करून आले, किंमत ऐकून मलाच घाम फुटला. मी म्हणलं थांबा, आधी वजनकाटा आणा घरातला, पिठाचा असतो तो.

रायफल टेबलाच्या कडेवर आडवी ठेवून तोल बघितला तर तो तिच्या डाव्या हाताच्या चांगलाच पुढं. जुन्या मालकानं नळीच्या पुढं वजनाच्या चकत्या लावलेल्या, तो असेल सहा फुटी, त्याला शोभत असतील. पुढची साइट लांब ट्यूबच्या टोकाला. म्हणजे जेवढं जड तेवढं सगळं पुढं, आणि पोरीचं कोपर कमरेच्या हाडावर नीट टेकतच नव्हतं, कारण हात आणि रायफल यांच्यामधला ठोकळा तिच्या मापाचा नाही, त्यामुळं ती ते वजन हाडावर न घेता स्नायूवर तोलत होती. वीस शॉटनंतर स्नायू बोंबलणारच.

चकत्या काढल्या सगळ्या. साइट मागं घेतली. हाताखालचा भाग, ज्याला आमच्याकडं सगळे फोरएंडच म्हणतात, तो स्लॉटमध्ये मागं सरकवला. एक रुपया खर्च नाही. आता इथं एक गंमत झाली, पोरगी म्हणाली सर हलकी झाली पण आता नाचतेय. बरोबर आहे, पुढं वजनच नसलं की नाडीचा प्रत्येक ठोका साइटमध्ये दिसतो, ते आठपटीचं अडून बसणं इथं आपल्याला थोडं पाहिजे असतं. भाच्याला ते नको कारण त्याला एका टार्गेटवरून दुसऱ्यावर पटकन जायचंय, पोरीला पाहिजे कारण तिला एकाच ठिपक्यावर गप उभं राहायचंय. मग एक चकती परत लावली, लावून दोन-तीन दिवस मारून बघायला सांगितलं, आणि ती तिथंच ठेवली. म्हणून म्हणतो नुसतं हलकं हलकं करत सुटू नका.

राहिला ठोकळा. कंपनीचा उंच फोरएंड घ्यायचा तर बाहेरून मागवा, ड्युटी भरा, वाट बघा. एमआयडीसीतले आमचे लेथवाले दादा म्हणाले ॲल्युमिनियमच्या बारमधनं कोरून देतो, पण भरीव ठोकळा हातात घेतला तर बऱ्यापैकी जड, आणि आतनं पोकळ करायचा तर मिलिंगचा खर्च वाढतो. मग मेळ असा घातला की ठोकळा सागाचा. सागाची घनता ०.६५ च्या आसपास, ॲल्युमिनियमची २.७, म्हणजे त्याच मापाचा सागाचा ठोकळा चौपट हलका, आणि जुन्या दाराच्या चौकटीतला मुरलेला साग पावसाळ्यात फारसा फुगत नाही. सुतारानं मुठीच्या आकाराला तासून दिला, मी कडा पॉलिश पेपरनं मारल्या, दादांनी वर स्लॉटमध्ये सरकणारी ॲल्युमिनियमची पातळ पट्टी करून दिली, कारण लाकडात थेट स्क्रू सारखा काढघाल केला की आटे जातात. पोरीनं मूठ लावली, कोपर बरोब्बर हाडावर. तिचा चेहरा बघण्यासारखा होता, काही बोलली नाही, नुसती परत परत उचलून टेकवत राहिली.

असलं काही करून घेणार असाल तर दोन गोष्टी. फोरएंडच्या खोलीला आणि रुंदीला नियमात मर्यादा आहे, स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे सामानाच्या तपासणीत, गेज लावून बघतात, त्यामुळं माप आधी चालू रूलबुकमधनं घ्या, व्हॉट्सॲपवरच्या फोटोवरनं नको. आणि नळी, व्हॉल्व्ह, सिलिंडर, ट्रिगर यातलं काहीही लेथवर न्यायचं नाही, दादा कितीही हुशार असले तरी नाही. सिलिंडरमध्ये २०० बार हवा असते, तो काय खेळ नाय. लाकडाचा स्टॉक असेल तर पावसाळा लागताना आणि संपताना ॲक्शनचे बोल्ट, म्हणजे नळी-ट्रिगरचा सांगाडा स्टॉकला धरणारे, टॉर्क रेंचनं तपासा, कंपनीच्या पुस्तकात आकडा असतो तेवढाच, आपल्या मनगटाच्या अंदाजानं नको.

पैसे घालायचेच असतील तर मी कुठं घालीन? जुन्या स्टीलच्या सिलिंडरच्या जागी ॲल्युमिनियमचा, कारण तो नळीखाली पुढच्या बाजूला असतो, तिथले ग्राम कामाचे. कार्बनचा स्टॉक सगळ्यात शेवटी, तोही पोरगं उंचीनं थांबल्यावर, नाहीतर दोन वर्षात सगळी मापं बदलतात आणि तुम्ही परत कॅटलॉग उघडून बसता. सेकंडहॅंड रायफल घेत असाल तर सिलिंडरवर छापलेली तारीख वाचा, स्पर्धेला मुदत १० वर्षांचीच धरतात, ती संपत आलेली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातनं वजा करून मागा, विकणारा कुरकुर करतो पण देतो.

भाच्यानं शेवटी १५ इंचाचाच घेतला. फोटो आलाय, दिसतो मात्र भारी.